उषवदाताचे शेत

कल्याणच्या खाडीत तुमचे जहाज शिरते, काठावरची घरे नि वखारी दिसू लागतात, आणि तेवढ्यात दोन होड्या आडव्या येतात. होड्यांत हत्यारबंद माणसे आहेत. ती आरडाओरडा करत नाहीत. तांडेलाला खुणेनेच सांगतात: इथे नांगर टाकायचा नाही, तोंड उत्तरेकडे वळवा. तुमचा ग्रीक तांडेल हुज्जत घालत नाही. हल्ली कल्याणला माल उतरवू देत नाहीत, हे त्याच्या कानावर आलेले होतेच. वाऱ्याने जहाज इकडे ढकलले, एवढाच त्याचा गुन्हा.

तुम्ही सुमारे १,९०० वर्षे मागे आला आहात. जहाजात तांबे, कथील, शिसे, पोवळे, काच आणि इटलीच्या दारूचे उंच कुंभ आहेत. बदल्यात तांडेलाला हवे आहेत पैठणच्या बाजूने गाड्यांतून येणारे अकीक आणि तगरचे, म्हणजे आपल्या मराठवाड्यातल्या तेरचे, सुती कापड. पैठणच्या मालाला समुद्र गाठायचा तर नाणेघाट उतरून कल्याण हीच जवळची वाट. पण ती वाट बंद आहे. त्या काळचा एक अनाम ग्रीक व्यापारी आपल्या ‘पेरिप्लस’ या समुद्रप्रवासाच्या पुस्तकात हे नोंदवून ठेवतो. पैठणच्या सातवाहन राजांपैकी थोरल्या सातकर्णीच्या काळी हे खुले बंदर होते. आता चुकून आलेले ग्रीक जहाजही पहाऱ्यात भडोचला नेले जाते, असे तो सांगतो.

युद्ध चालू असल्याचे तुम्हांला असे कळते. एकही बाण सुटलेला नाही, कुठे धूर नाही. पैठणच्या सातवाहनांचा श्वास कोंडायचा तर त्यांचे बंदर कोंडावे, हे भडोचच्या क्षत्रपांना, म्हणजे तिथल्या शक राजांना, नेमके ठाऊक आहे. नाणेघाटाचे वरचे तोंडही त्यांच्याच हाती आहे. जुन्नरला क्षत्रप नहपानाचा अयम नावाचा अमात्य आहे आणि त्याने तिथल्या डोंगरात आपला दानलेख कोरवला आहे. त्याच घाटात सातवाहनांच्या नागनिका राणीने एके काळी आपल्या घराण्याचे यज्ञ आणि दक्षिणा भिंतभर कोरून ठेवल्या होत्या. ते घराणे आता आपल्याच घाटात परके झाले आहे.

भडोचच्या मुखाशी नर्मदेची भरती अंगावर येते. वाळूचे दांडे दिसत नाहीत आणि परक्या तांडेलाचा इथे निभाव लागत नाही. राजाच्या चाकरीतले कोळी लांब होड्या घेऊन समोर येतात, जहाजाला दोर लावतात आणि भरतीच्या वेळा साधून टप्प्याटप्प्याने आत नेतात. धक्क्यावर उतरल्यावर राजासाठी वेगळा माल काढला जातो: चांदीची भांडी, उंची दारू, गाणारी मुले, अंतःपुरासाठी तरुणी. त्या मुलींकडे तुम्ही पाहता. त्यांचे नाव कोणत्याही भिंतीवर कधी येणार नाही.

सराफाकडे तुमची नाणी बदलून मिळतात. त्यातले एक तळहातावर घ्या. जेमतेम दोन ग्रॅम चांदी. एका बाजूला राजाचा बाजूने दिसणारा चेहरा, डोक्याला फीत, भोवती ग्रीक अक्षरे. दुसऱ्या बाजूला बाण आणि वज्र, भोवती ब्राह्मी आणि खरोष्ठी. तिन्ही लिप्यांत एकच मजकूर: क्षहरात कुळातल्या नहपान राजाचे. समुद्रावरचा ग्रीक, वायव्येकडून आलेला शक आणि दख्खनचा वाणी, तिघांनाही हे नाणे आपले वाटावे अशी ही योजना आहे. हा चेहरा नीट लक्षात ठेवा. तो तुम्हांला पुन्हा भेटणार आहे, पण या अवस्थेत नाही.

आता दक्षिणेला चालू लागा. तापी येते. नावाडी तुम्हांला पलीकडे उतरवतो आणि तुम्ही कनवटीला हात घालता, तर तो मान हलवतो. पैसे नाहीत. पुढे पार नदी, पुढे दमण, पुढे डहाणूची नदी. प्रत्येक ठिकाणी तेच. काठावर विसाव्याला मांडव आहे, पाणपोई आहे. रात्री चौसोपी धर्मशाळेत पाठ टेकता. भडोचला तशी एक आहे, माळव्यात दशपुराला एक, सोपाऱ्याला एक आणि तुम्ही निघाला आहात त्या गोवर्धनलाही एक. विहिरी, तळी, बागा. हे सगळे कोणाचे, असे विचारा. उत्तर एकच मिळेल: उषवदाताचे.

उषवदात हा दीनिकाचा मुलगा, नहपानाचा जावई, दक्षमित्रेचा नवरा. आपण शक आहोत हे तो लपवत नाही. पण दाने पाहा. तीन लाख गाई. देवाब्राह्मणांना सोळा गावे. प्रभास क्षेत्री आठ ब्राह्मणांची लग्ने स्वखर्चाने लावून दिली. वर्षाला एक लाख ब्राह्मणांना जेवण. हे आकडे त्याने स्वतःच कोरवले आहेत, तेव्हा त्यांत थोडी फुगवण असेल असे धरून चाला. तरी नावेचे पैसे तुमच्याकडून कोणी घेतले नाहीत, एवढे तुम्ही स्वतः अनुभवले आहे.

गोवर्धन गोदावरीच्या काठी, आजच्या नाशिकच्या पश्चिमेला. तिथून त्रिरश्मी डोंगराकडे वळा. आज आपण याला पांडवलेणी म्हणतो. पांडवांचा त्याच्याशी संबंध नाही. ती भिक्खूंच्या पावसाळी मुक्कामाची जागा. पायऱ्या चढून उषवदाताच्या विहारापाशी या. आज त्याला दहावे लेणे म्हणतात. ओसरीच्या खांबांवर घंटेच्या आकाराची शीर्षे, त्यांवर पाठीला पाठ लावून बसलेली जनावरे. दगडाचा चुरा अजून कोपऱ्यात पडलेला आहे. ओसरीच्या मागच्या भिंतीवर, छताच्या लगत, अक्षरे कोरली जात आहेत.

इथे थोडे थांबू. लढाईच्या गोष्टी ऐकायला आलेल्या माणसाला ही भिंत रुक्ष वाटेल, मला ती या काळातली सर्वांत जिवंत जागा वाटते.

उषवदाताने ३,००० कार्षापण भिक्खुसंघासाठी कायमचे ठेवले आहेत. मूळ रकमेला हात लावायचा नाही, फक्त व्याज वापरायचे. त्यांतले २,००० गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणीकडे, म्हणजे त्यांच्या व्यवसाय-संघाकडे, दरमहा शेकडा एक दराने. उरलेले १,००० विणकरांच्याच दुसऱ्या श्रेणीकडे, दरमहा शेकडा पाऊण दराने. आता हिशेब करा. दोन हजारांवर महिन्याला वीस, वर्षाला दोनशे चाळीस. आणि लेख म्हणतो, विहारात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्खूंना चीवरासाठी प्रत्येकी बारा कार्षापण. वीस गुणिले बारा, दोनशे चाळीस. पै न पै जुळते. शिवाय हा करार नगराच्या सभेत वाचून दाखवला गेला आहे आणि रिवाजाप्रमाणे फलकावर नोंदवला गेला आहे. राजाचा जावई विणकरांकडे ठेव ठेवतो आणि गावाच्या सभेपुढे लिहून देतो. दंडुक्यावर चालणाऱ्या राज्यात अशी नोंद लागत नाही.

त्याच्या खरेदीखताचाही उल्लेख इथे आहे. वाराहीपुत्र अश्विभूती नावाच्या ब्राह्मणाचे वडिलोपार्जित शेत त्याने ४,००० कार्षापण मोजून विकत घेतले आणि भिक्खूंच्या अन्नासाठी दिले. हिसकावून घेतले नाही. घेतले असते तर कोणी विचारणार होते?

त्याच भिंतीवर लढाईही आहे. राजाज्ञेवरून तो ऐन पावसाळ्यात उत्तरेकडे निघाला. मालय लोकांनी उत्तमभद्रांच्या प्रमुखाला कोंडले होते, त्याला सोडवायचे होते. मालय नुसत्या आरोळीनेच पळाले, असे त्याचे म्हणणे. मग पुष्करला जाऊन त्याने अभिषेक केला, ३,००० गाई आणि एक गाव दान दिले. पावसाळ्यात कोणी सैन्य हलवत नाही, असा समज. हा माणूस हलवतो आणि त्याचा त्याला अभिमान आहे. हेही लक्षात ठेवा, कारण पुढे एका पावसाळ्यात त्याच्याच दारात दुसरे सैन्य उभे राहणार आहे.

या युद्धाची एक कथा पुढे शतकानुशतके सांगितली गेली. जैनांच्या आवश्यक सूत्रावरच्या जुन्या टीकांमध्ये ती येते. भडोचचा नहवाहन, म्हणजे आपला नहपान, खजिन्याने बळकट; पैठणचा सालवाहन फौजेने बळकट. सालवाहन दर वर्षी भडोचला वेढा घालायचा आणि हात हलवत परतायचा. कारण नहवाहन शत्रूचे मुंडके आणणाऱ्याला भरघोस इनाम द्यायचा. त्याची माणसे जिवावर उदार होऊन लढायची. सालवाहनाची माणसे फुकट मरायची. शेवटी सालवाहनाने आपल्या मंत्र्याला अपमान करून हाकलल्याचे सोंग केले. तो मंत्री भडोचला गेला, नहवाहनाच्या विश्वासात शिरला आणि त्याला सांगू लागला: हे धन पूर्वपुण्याने मिळाले, आता पुढच्या जन्मासाठी पुण्य जोडा. देवळे बांधा, तळी खोदा, दाने द्या. राजाने खजिना पुण्यात ओतला. पुढच्या वर्षी सालवाहन आला तेव्हा इनामाला पैसे नव्हते, लढायला कोणी उभे राहिले नाही आणि भडोच पडले.

आता पुन्हा त्या ओसरीत उभे राहा आणि वर बघा. गाई, गावे, धर्मशाळा, नावा, पाणपोया, व्याजाची ठेव. कथेतला खजिना जिथे जिरला ती यादी तुमच्या डोक्यावर कोरलेली आहे. कथाकारांनी ही भिंत वाचली होती की दानशूर शकांची आठवणच लोकांच्या तोंडी राहिली होती, ते काही असो. शत्रूच्या दानतीला त्याच्या पराभवाचे कारण ठरवणारी युद्धकथा मला दुसरी माहीत नाही. पण ती पूर्ण खरी मानू नका. तुमच्या हातातले नाणे थोड्याच वेळात त्याविरुद्ध साक्ष देणार आहे.

काही वर्षे ओलांडा. पावसाळ्याचा दुसरा पंधरवडा, पहिला दिवस. नाशिकचा पाऊस तुम्हांला माहीत आहे. गोदावरी गढूळ, फुगलेली. चिखलात घोड्यांचे खूर रुतताहेत, हत्तींच्या पाठीवरून पाणी ओघळते आहे, चुली पेटत नाहीत. हा वैजयंती सेनेचा विजयतळ आहे आणि आत बसलेला माणूस आहे गौतमीपुत्र श्रीसातकर्णी. त्याच्या राज्याचे हे अठरावे वर्ष. नहपान हरला आहे. दाता म्हणून उषवदाताचे नाव यापुढे कुठल्याही नव्या लेखात येणार नाही.

लढाई कुठे झाली, किती पडले, कोणी पहिला घाव घातला, यातले काहीही राजा लिहून ठेवत नाही. विजयतळावरून तो तोंडी आज्ञा देतो, शिवगुप्त नावाचा अमात्य ती लिहून घेतो. तुम्ही जवळ सरकून ऐका. आज्ञा गोवर्धनचा अमात्य विष्णुपालित याच्यासाठी आहे आणि ती एका शेताबद्दल आहे.

पश्चिम काखडी गावातले २०० निवर्तनांचे शेत, जे उषवदाताकडे होते, ते आम्ही त्रिरश्मीच्या भिक्खूंना देत आहोत. त्या शेतात राजाच्या माणसांनी शिरायचे नाही, त्याला हात लावायचा नाही, तिथे मिठासाठी खणायचे नाही, मुलखाच्या शिपायांनी तिथे ढवळाढवळ करायची नाही. हे शेत आणि या सवलती तिथल्या दप्तरात नोंदवून घ्या.

तळावर जखमी असतील, पळालेल्यांचा पाठलाग चालू असेल, लूट मोजायची राहिली असेल. आणि राजा सातबारा बदलतो आहे. मला यात त्याची खरी बुद्धी दिसते. शत्रूला रणात हरवले तरी त्याच्या नावावर जमीन असेतो तो मुलूख त्याचाच. लोकांच्या तोंडी ते ‘उषवदाताचे शेत’ असेतो युद्ध संपलेले नसते. म्हणून पहिला घाव त्या नावावर. आणि ज्यांना द्यायचे ते कोण? उषवदाताने ज्यांना सांभाळले तेच भिक्खू. आश्रयदाता बदलला, आश्रित तेच. कार्ल्याच्या लेण्यांतही हीच गोष्ट घडते. उषवदाताने वलूरकच्या, म्हणजे कार्ल्याच्याच, भिक्खूंना दिलेले करजिक गाव अठराव्या वर्षीच, मामाळच्या म्हणजे मावळच्या अमात्याला हुकूम सोडून, त्याच भिक्खूंना नव्याने दिले जाते. विहार कोणी मोडत नाही. शत्रूने कोरलेली भिंतही कोणी खरवडत नाही. नाशिकला उषवदाताचा लेख आजही जागच्या जागी आहे, तो त्यामुळेच.

पण नाण्यांना माफी नाही.

तळावरून नाणी पाडणाऱ्यांकडे चला. तिथे कान बधिर करणारा आवाज आहे. पोत्यांतून चांदी ओतली जाते आहे, आणि त्यातल्या प्रत्येक नाण्यावर तो चेहरा आहे, फीत बांधलेला, बाजूने दिसणारा. चांदी वितळवून नवे नाणे पाडायला वेळ लागतो, सरपण लागते आणि पावसात सरपण ओले असते. म्हणून कारागीर सरळ जुन्याच नाण्यावर नवा ठसा धरतो आणि हातोडा घालतो. एका बाजूला कमानींचा डोंगर, भोवती राजा गौतमीपुत्र श्रीसातकर्णी अशी ब्राह्मी अक्षरे. दुसऱ्या बाजूला उज्जैनीचे चिन्ह, चार टोकांना चार गोल असलेली फुली. ठसा नेमका मध्ये बसतोच असे नाही. एका नाण्यावर नहपानाचे नाक डोंगराखालून डोकावते, दुसऱ्यावर ग्रीक अक्षरांचा अर्धा तुकडा उरतो. एकच नाणे घेऊन बाजारात गेलात तर दोन राजे तुमच्या बरोबर येतात.

ते तसेच राहू दिले, यात घाई आहेच; माझ्या मते हेतूही आहे. नवे कोरे नाणे फक्त जिंकणाऱ्याचे नाव सांगते. हे नाणे कोण हरला तेही सांगते, आणि ते भाजी घेणाऱ्या बाईपर्यंत, हमालापर्यंत, नावाड्यापर्यंत पोहोचवते. त्या काळात विजयाची बातमी एवढ्या हातांत एवढ्या झपाट्याने पोहोचवणारे दुसरे साधन नव्हते.

१९०६ साली सिन्नर तालुक्यातल्या जोगलटेंभी गावी यातलाच एक ठेवा जमिनीतून वर आला. १३,२५० च्या वर चांदीची नाणी, सगळी नहपानाची. त्यांतल्या सुमारे ९,२७० नाण्यांवर गौतमीपुत्राचा ठसा मारलेला. चांदी पंचवीस किलोंच्या आसपास. कार्षापण म्हणजे हेच नाणे धरले, तर अश्विभूतीच्या शेतासारखी तीन शेते विकत घेऊन वर पैसे उरले असते. म्हणून म्हटले, कथा पूर्ण खरी मानू नका. नहपानाचे सगळे धन पुण्यात वाहून गेले नव्हते. एका साध्या गावाच्या जमिनीत एवढे निघाले, तर मुलखात किती असेल! दाने देऊन शक कंगाल झाले नाहीत; ते लढून हरले. ज्यांनी नंतर कथा रचली त्यांना मात्र पराक्रमापेक्षा युक्ती अधिक पटली.

आता सहा वर्षे पुढे या. राज्याचे चोविसावे वर्ष. गोवर्धनला नवा अमात्य आहे, त्याचे नाव श्यामक. त्याला राजाचा हुकूम येतो, आणि या वेळी तो एकट्या राजाचा नाही. राजा गौतमीपुत्र आणि त्याची आई, दोघांच्या नावे आहे. आईचे वर्णन ‘जीवसुता’, जिचा मुलगा जिवंत आहे ती. हुकूम सांगतो, श्यामकाला आधी कुशल विचारावे आणि मग असे सांगावे: आम्ही त्रिरश्मीच्या भिक्खूंना पूर्वी काखडी गावातले जे शेत दिले होते, ते कोणी कसत नाही. त्या गावात वस्तीही नाही. तेव्हा नगराच्या सीमेवर आमची जी राजमालकीची जमीन आहे, तिच्यातली १०० निवर्तने त्यांना द्यावीत. लोटा नावाच्या प्रतिहारीने हे लिहिले आहे.

तुम्ही काखडीला जाऊन पाहा. बांध ढासळलेले, नांगरटीच्या खुणा पुसलेल्या, कुडांवर वेल चढलेले. विहीर आहे, पण काठावर घागर नाही. माणसे का गेली, याचे कारण लेखात नाही. मला ते युद्धच वाटते. एका बाजूने क्षत्रपांची आणि दुसऱ्या बाजूने सातवाहनांची फौज ज्या खोऱ्यातून गेली, तिथल्या कुणब्याचे बी-बियाणे, बैल आणि तरणी मुले कोणाकडे गेली असतील ते वेगळे सांगायला नको. सहा वर्षे भिक्खूंच्या नावावर एक शेत होते आणि त्यातून एक दाणा त्यांच्या पात्रात पडला नाही. विजयाच्या दिवशी दिलेले दान पोकळ निघाले, हे राजाने स्वतः मान्य केले आणि पहिल्या हुकुमाच्या खाली त्याच भिंतीवर कोरू दिले. आजच्या तिसऱ्या लेण्याच्या ओसरीत दोन्ही हुकूम आहेत. शेत बदलून दिले आणि तेही निम्मे दिले; तरी आपल्या शब्दाचा असा पाठपुरावा करणारा विजेता विरळा.

गौतमीपुत्राचे शेवटचे माहीत असलेले वर्ष हेच, चोविसावे.

आणखी पुढे या. त्याचा मुलगा पुळुमावी याच्या राज्याचे एकोणिसावे वर्ष, उन्हाळा. त्रिरश्मीवर तिसरे लेणे पुरे झाले आहे. त्याच्या ओसरीखाली दगडी तुळया खांद्यावर पेलणारे यक्ष कोरले आहेत. आतला विहार मुद्दाम उषवदाताच्या विहारावर बेतलेला आहे, मागच्या भिंतीवरच्या स्तूपापर्यंत. दारावर एक लांबलचक लेख आहे. तो एका म्हाताऱ्या बाईचा आहे: गौतमी बलश्री, महाराजाची आई आणि महाराजाची आजी. ‘जीवसुता’ हा शब्द आता तिच्या नावाला लागत नाही.

तिने मुलासाठी जे लिहवून घेतले ते वाचा. त्याच्या घोड्यांनी तीन समुद्रांचे पाणी प्यायले. ऋषिक, अश्मक, मूलक, सुराष्ट्र, अपरांत, अनूप, विदर्भ, आकर आणि अवंती त्याचे. शक, यवन, पह्लव त्याने मोडले. क्षहरातांचा वंश निःशेष केला. सातवाहन कुळाचे यश पुन्हा उभे केले. कर घेतले ते धर्माप्रमाणे. आणि याच ओळींत हेही आहे की अपराधी शत्रूचाही जीव घेणे त्याला आवडत नसे. वंश निःशेष करणारा आणि जीव घ्यायला नाखूश असणारा, एकाच लेखात, एकाच माणसात. आईने दोन्ही लिहवले आणि मला दोन्हींवर विश्वास ठेवावासा वाटतो. नाण्यावरचा चेहरा हातोड्याने ठेचणारा आणि शत्रूची भिंत न खरवडणारा तो हाच.

या मायलेकांचे नाव आपल्या पाठ्यपुस्तकांत असते, ते योग्यच आहे. उषवदाताचे फारसे नसते, हे मात्र मला खटकते. डहाणूपासून तापीपर्यंत वाटसरूला फुकट पलीकडे पोहोचवणारा माणूस परका म्हणून बाजूला ठेवावा, इतके आपले मन लहान नसावे. त्याला ज्याने हरवले, त्यानेही त्याच्या भिक्खूंना उघड्यावर टाकले नाही.

क्षहरात संपले, शक संपले नाहीत. गुजरात-माळव्यात कार्दमक क्षत्रपांचे दुसरे घराणे उभे राहिले. त्यांतल्या रुद्रदामनाने इ.स. १५० च्या सुमारास जुनागडच्या खडकावर कोरवले की, दक्षिणापथाचा स्वामी सातकर्णी याला मी दोनदा समोरासमोर हरवले, पण जवळचे नाते असल्यामुळे त्याचा नाश केला नाही. पैठणच्या राजांनी पुढे चांदीची नाणी पाडली ती क्षत्रपांच्याच धर्तीवर, एका बाजूला राजाचा चेहरा घालून. पुळुमावीची तशी नाणी मिळाली आहेत, यज्ञ सातकर्णीचीही.

ते नाते कोणते, हे पाहायला जुनागडपर्यंत जायची गरज नाही. मुंबईकरांनी बोरिवलीला उतरून कान्हेरीच्या डोंगरावर जावे. तिथे पाण्याच्या एका टाक्यावर तुटका संस्कृत लेख आहे. सातवाहन राजा वासिष्ठीपुत्र श्रीसातकर्णी याच्या राणीचा त्यात उल्लेख आहे. ती कार्दमक राजांच्या कुळातली, एका महाक्षत्रपाची मुलगी. त्या महाक्षत्रपाच्या नावाचे पहिले अक्षर ‘रु’ तेवढे शाबूत आहे.